एकेचाळीस नंबरची खुंटी

७ नोव्हेंबर, संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटे

प्रिय आत्या,

नमस्कार. आत्ताच गाडी खुंटीला लावली, यंत्रावर अंगठा दिला, हिरवी रेघ उमटली की नाही ते दोनदा पाहिलं आणि गाडीच्या मागच्या दाराशी पाय सोडून हे पत्र लिहायला बसलो. दहा वाजेपर्यंत मला दुसरं काम नाही, आणि कुठे जाताही येत नाही.

मागच्या तिन्ही पत्रांत तू विचारलंस, "कधी येतोस?" मी दर वेळी "लवकरच" असं लिहिलं. आज नीट सांगतो, म्हणजे पोरगा टाळतोय असं तुला वाटणार नाही.

ही विजेवरची टेम्पोगाडी मी वीज कंपनीच्या योजनेतून घेतली. हप्ता निम्मा, पण त्याला अट आहे. रोज सहा ते दहा गाडी अड्ड्यावर तारेला जोडलेली हवी. त्या वेळी शहरात घरोघरी दिवे, पंखे, शेगड्या सगळं एकदम सुरू होतं, तेव्हा कंपनी आमच्या बॅटरीतून वीज काढून घेते. रात्री वाऱ्याची वीज आली की परत भरून देते. अशा साठ गाड्या आहेत. गाडी जोडायच्या खांबाला आम्ही खुंटी म्हणतो आणि तारेला दावं. माझी खुंटी एकेचाळीस नंबरची. पूर्वी काही जण मोडकी गाडी जोडून गावाला निघून जायचे, म्हणून आता सहाला आणि दहाला मालकाचाच अंगठा लागतो. गाडीही बांधलेली आणि माणूसही. एक संध्याकाळ चुकली तर त्या महिन्याची सूट जाते आणि वर दंड बसतो. कराराचे तेहतीस महिने बाकी आहेत.

सुटायची वाट एकच. फाटकावर एक दिवा आहे. एक तारखेला तो लागला, तर त्या महिन्यात प्रत्येकाला एक संध्याकाळ माफ. जुलैपासून तो लागलेला नाही. अड्ड्याच्या मुकादमाला विचारलं तर म्हणतो, "महिन्याची रात्रीची वीज पुरेशी झाली की लागतो. मी काय फुंकर मारून लावू?" माझ्या शेजारच्या खुंटीवर एक दूधवाला असतो. तो रोज आकाशाकडे तोंड करून वाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

तू तर पवनचक्क्यांच्या पायथ्याशीच राहतेस. वारा पडलाय का तुमच्या टेकडीवर?

माझी खोली छान आहे. काळजी नसावी.

तुझा,
काळजीबुवा


१२ नोव्हेंबर

काळजीबुवा,

आशीर्वाद. अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं, मजकूर नेहमीसारखा रडका.

वारा पडलाय का म्हणे! परवा रात्री दोरीवरची चादर उडाली ती सकाळी तिसऱ्या मनोऱ्याच्या कुंपणात सापडली. अकराला उठतो आणि पहाटे चारपर्यंत दार बडवत बसतो. मला ऐकू येत नाही, पण दाराला पाठ लावून बसलं की सगळं कळतं. कान गेले म्हणून तर हा टपालाचा खटाटोप. फोनवर तू ओरडतोस आणि मला नुसतं घों घों होतं.

पण एक अजब सांगते. वारा एवढा, आणि माझे चारही मनोरे उभे! अकरा वाजले की पाती वाऱ्याकडे कड करतात आणि थिजून राहतात. लांबून कुठून तरी हुकूम येतो. मी आपली राखणदार. माझ्याकडे फाटकाची किल्ली, पात्यांची नाही. बारा वर्षांत हे पाहिलं नव्हतं. वाढलेलं ताट कुणीतरी पुढून ओढून घ्यावं तसं दिसतं.

तुझी खोली केवढी आहे रे? खिडकी कुठल्या बाजूला? सहज विचारते. कुणी पाहुणा आला तर एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा आहे ना?

तुझी आत्या


१८ नोव्हेंबर, संध्याकाळचे सहा वाजून बारा मिनिटे

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझं पत्र मी आज तिसऱ्यांदा वाचलं. वारा आहे आणि मनोरे उभे, हे माझ्या डोक्यात बसत नाही. रोज थांबतात का? किती वाजता? कुणी तपासायला आलं तर विचार आणि मला सविस्तर कळव.

खोलीचं विचारलंस. खिडकी लहान आहे, पण पूर्वेला आहे. सकाळी ऊन थेट उशीवर येतं. भिंती पत्र्याच्या आहेत. खिडकीतून अड्ड्याचं फाटक दिसतं, त्यामुळे उशीर व्हायची भीती नाही. पाहुणा कोण येणार माझ्याकडे?

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. तुला अभिमान वाटेल. जुलैमध्ये दोन रात्री खरोखरच वारा पडला आणि गाड्या अर्ध्याच भरल्या. दूधवाल्याची गाडी भर उन्हात वाटेत बंद पडली आणि सगळं दूध नासलं. मला आठवडाभर झोप लागली नाही. मग मी गाडीच्या पडद्यावर शोध शोध शोधून एक आकडा काढला. "याच्या खाली माझी वीज काढू नका" असा तो आकडा, आणि तो मालकाने ठरवायचा असतो. सगळ्यांचा वीसवर होता. मी ऐंशीवर नेला. दुपारी पदरचे पैसे देऊन पंपावर गाडी भरायची, सहाला भरलेलीच जोडायची आणि कंपनीला फक्त वरवरची साय काढू द्यायची. साठही जणांसाठी दुपारच्या पंपाचं वेळापत्रक मी स्वतः आखून फाटकाला चिकटवलं. तेव्हापासून एकही गाडी वाटेत अडकलेली नाही. दूधवाला मला "मास्तर" म्हणतो. नववीत शाळा सुटलेल्याला मास्तर! दुपारच्या विजेचा खर्च होतो, पण झोप लागते.

तुझा,
काळजीबुवा


२४ नोव्हेंबर

काळजीबुवा,

आशीर्वाद. तुझा आकडा आणि वेळापत्रक वाचलं. सावधपणात तू तुझ्या आजोबांवर गेलास. ते छत्री घेऊन विहिरीवर आंघोळीला जायचे.

काल वर तपासणीला इंजिनियर बाई आल्या होत्या. चांगली मुलगी आहे, मला पाटीवर लिहून दाखवते. मी विचारलं, "माझी ही चार लेकरं उपाशी का उभी?" तिने लिहिलं ते जसंच्या तसं सांगते. वीज तयार झाली की कुणीतरी घ्यावी लागते. तारेत कोंबून ठेवता येत नाही. हे चार मनोरे जुने, लहान. ते एका गाड्यांच्या अड्ड्याला जोडून दिलेत. संध्याकाळी शहराने त्या गाड्यांकडून घ्यायचं आणि रात्री या मनोऱ्यांनी त्यांना भरायचं. पण जुलैपासून त्या गाड्या रात्री भरलेल्याच असतात. पाहुण्याने "नको नको" म्हणत ताटावर आडवा हात धरावा तसं. मग वाढणाऱ्याने काय करायचं? पळी घेऊन उभं राहायचं.

साठ गाड्यांचा अड्डा आहे म्हणे. तुझ्याकडेही साठच ना? असतील, साठाचे अड्डे पुष्कळ असतील.

ती आणखी म्हणाली, चार महिने बंद पडलेले मनोरे ठेवून काय करायचे म्हणून वर्षअखेर ते उतरवणार. त्यांच्या पायथ्याशी माझी चौकी, तीही जाणार. तू लगेच जीव खालीवर करू नकोस. माझी सोय आहे. दिरांचं घर आहे, नाहीतर दुसरीकडे कुठे.

पत्र्याच्या भिंती उन्हाळ्यात तापतील. आतून जाड कापड लावायला हवं. मी शिवून ठेवते. भिंतींची मापं कळव.

तुझी आत्या


२९ नोव्हेंबर, संध्याकाळचे सहा वाजून दोन मिनिटे

प्रिय आत्या,

नमस्कार. तो अड्डा आमचाच आहे. तुलाही ते कळलं होतं, पण तू मला सांभाळून घेतलंस. मी मुकादमाकडे जाऊन विचारलं, "दिवा वाऱ्यावर लागतो की आम्ही रात्री किती वीज घेतो त्यावर?" तो म्हणाला, "तुम्ही घेता त्यावर. करारात तेच आहे. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." चार महिने आम्ही वाऱ्याला शिव्या दिल्या आणि वारा तुझं दार बडवत होता.

काल अंगठे देऊन झाल्यावर सगळ्यांना फाटकापाशी बोलावलं. सांगून टाकलं.

दूधवाला म्हणाला, "म्हणजे आपण आतून कडी घातली आणि बाहेरच्याला ओरडत बसलो?"

"मी घातली," मी म्हणालो.

पलीकडच्या खुंटीवरचा बर्फवाला म्हणाला, "मास्तरांनी घातली. आम्ही बाकीच्यांनी लोंबकळून ती घट्ट केली. आता पुढे बोला."

मी म्हणालो, आकडा तीसवर आणू, दुपारचा पंप बंद करू. संध्याकाळी कंपनीला हवी तेवढी वीज काढू द्या, रात्री वारा भरून देईल.

"आणि नाही भरलं तर? माझं दूध कोण पिणार, तुझी आत्या?"

"आत्या म्हणते अकराला वारा उठतो."

"आत्या म्हणजे वेधशाळा आहे का रे?"

"बारा वर्षं दाराला पाठ लावून बसलीय."

"मग वेधशाळेपेक्षा बरी," दूधवाला म्हणाला. "वेधशाळेला पाठ नसते."

एक तारखेपासून महिनाभर करून बघायचं ठरलं. वेळापत्रक मी स्वतः फाडलं. ते फाडताना हात जड झाला, खोटं कशाला सांगू? रांगा पट्टीने आखल्या होत्या.

आत्या, तुझी चौकी मी पडू देणार नाही. दिरांच्या घरी तुला जावं लागणार नाही. तिथे तुला काय काय ऐकवतात ते मला माहीत आहे, तुला ऐकू येत नसलं तरी.

तुझा,
काळजीबुवा


६ डिसेंबर

काळजीबुवा,

आशीर्वाद. पहिल्या दोन रात्री वारा उठलाच नाही, माझं नाक कापलं मेल्याने. तुझ्या दूधवाल्याने मला काय काय म्हटलं असेल ते सांगू नकोस. तिसऱ्या रात्री उशाच्या पेल्यातलं पाणी थरथरायला लागलं. चार महिने ते नुसतं पाणी होतं. बाहेर गेले तर चारही फिरत होते. बराच वेळ उभी राहिले. रडले वगैरे नाही. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंच.

पण माझ्या चौकीसाठी एवढा जीव पाखडू नकोस. चौकी म्हणजे काय, चार भिंती आणि एक किल्ली. पडली तर पडली. माणसाने एकाच जागेची किती वर्षं राखण करायची?

मापं कळवली नाहीस. विसरलास वाटतं. तू आणि विसरणं!

तुझी आत्या


२ जानेवारी, संध्याकाळचे सहा वाजून सात मिनिटे

प्रिय आत्या,

नमस्कार. दिवा लागला!

काल सकाळी साठ माणसं फाटकापाशी माना वर करून उभी होती. आठ वाजता तो लागला. मग मुकादम म्हणाला, "मी फुंकर मारलेली नाही हं," आणि जो तो हसत सुटला.

महिनाभर मी रोज पडद्यासमोर बसून होतो. संध्याकाळी पडद्यावरचा आकडा उतरताना बघवत नाही. साठ, पन्नास, सदतीस... अंगातलं रक्त काढल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी दूधवाला निम्मी घरं करून परत आला, उरलेलं दूध पुन्हा नासलं. मी म्हणालो, नुकसान मी भरतो. तो म्हणाला, "तू भर, आणि आत्याला सांग, वारा आणते म्हणून जाहिरात करू नको." पण तिसऱ्या रात्रीनंतर रोज पहाटे सगळ्या गाड्या काठोकाठ भरलेल्या.

आता प्रत्येकाची एक संध्याकाळ. दूधवाला सहा तारखेला लेकीकडे जाणार आहे. नात पाच महिन्यांची झाली, त्याने अजून तोंड पाहिलेलं नाही. बर्फवाला कुठेच जाणार नाही. म्हणतो, "सातला घरी बसून बघतो, सातला घर कसं दिसतं ते."

माझी पाळी शनिवारी, वीस तारखेला. मी तुझ्याकडे येतोय. "पडली तर पडली" असं तू मला धीर यावा म्हणून लिहिलंस, तुझा मोठेपणा मला कळतो. पण चौकी राहिली ना? तुझ्या साहेबांनी काय कळवलं? पक्कं लिही.

तुझा,
काळजीबुवा


८ जानेवारी

बाळा,

राहिली. साहेब स्वतः कागद घेऊन वर आले. मनोरे चांगले चालतात, उतरवणं रद्द. म्हणाले, तीन वर्षांची सही करा, नाहीतर दुसरा राखणदार ठेवतो. मी सही केली. आता छत्तीस महिने मी आणि ही चार लेकरं. रात्री ती फिरत असताना चौकी सोडायची नाही, अशी नवी अट आहे.

आता तूही शांतपणे ऐक. मनोरे उतरवणार याची कुणकुण मला ऑक्टोबरातच लागली होती. त्याच दिवशी मी ट्रंक भरली. तीन पत्रांत "कधी येतोस" विचारलं ते त्यासाठी. दिरांकडे जायचं माझ्या मनातही नव्हतं. तुझ्या गाडीत ट्रंक टाकायची, शेजारी मी बसायचं आणि तुझ्या खोलीत येऊन राहायचं, एवढा माझा बेत. तू कामाला गेलास की खिडकीतून माणसं बघायची. इथे बारा वर्षांत माणसं किती पाहिली ती मी बोटांवर मोजते. "येऊ का" असं विचारलं असतं तर तू परवडो न परवडो "ये" म्हणाला असतास. म्हणून वाटलं, तू आपणहून म्हणावंस. तर तू आपणहून माझी चौकी वाचवलीस.

मग सही का केली? तुझ्यावर रागावून नाही. तीनदा खोलीबद्दल विचारलं. दोनदा तू मापं टाळलीस. फाटकावरचं वेळापत्रक पट्टीने आखणारा माणूस चार भिंतींची मापं कळवत नाही, म्हणजे त्याला चार भिंती नाहीत. पत्र्याच्या भिंती, लहान खिडकी, समोर अड्ड्याचं फाटक. ती गाडी आहे रे. तू खुंटीलाच झोपतोस. मी आले असते तर कुठे टेकले असते, दाव्यावर?

आणि आता तुझ्या मनात काय येईल तेही सांगते. आकडा पुन्हा ऐंशीवर न्यावा, मनोरे थांबतील, आत्या सुटेल. खबरदार! दूधवाल्याने नात पाहिली ना? तिची पुढच्या महिन्याची भेट चुकवायला लावशील तर माझ्याशी गाठ आहे.

शनिवारी ये. ट्रंक मी उघडली आहे. वरचं जाड कापड तेवढं बाहेर ठेवलंय.

तुझी आत्या


१४ जानेवारी, संध्याकाळचे सहा वाजून एक मिनिट

प्रिय आत्या,

नमस्कार. होय, गाडीच आहे. खोली मी जुलैच्या शेवटी सोडली. दुपारच्या पंपाचे पैसे कुठून तरी काढायचे होते. महिन्याला जेवढे लागत, जवळजवळ तेवढंच खोलीचं भाडं होतं. तुला सांगितलं असतं तर तू मला चौकीवर बोलावलं असतंस आणि मला येता आलं नसतं. मग दोघांनाही वाईट वाटलं असतं, म्हणून खोटं लिहिलं. आता दुपारचा पंप बंद आहे. एवढ्या पैशात खोली मिळते. आता मिळते, आणि तुझी सही झाली.

तू ओळखलंस तेही खरं. तुझं पत्र वाचलं आणि मी पडद्यावर तो आकडा उघडला. तीसचे पस्तीस केले. माझ्या एकट्याच्या आकड्याने तुझी पाती थांबणार नव्हती, बाकीच्या एकोणसाठ जणांना सांगावं लागलं असतं. तेवढ्यात दूधवाला नातीचा फोटो घेऊन आला. म्हणाला, "मास्तर, नाक बघ. माझंच आहे की नाही?" मी म्हणालो, "तुमचंच, पण तिला शोभतं." तो गेल्यावर पस्तीसचे पुन्हा तीस केले.

शुक्रवारी रात्री दहाचा अंगठा देऊन निघेन. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत खुंटीला परत. मधे चव्वेचाळीस तास. वाटेत गाडी भरत जायला सतरा, यायला सतरा. दहा तास तुझ्याकडे. शनिवारी दुपारी तीनला पोहोचेन. अकराला तुझे मनोरे फिरायला लागले की तुला जागेवरून हलता येणार नाही, तेव्हा मीही दाराला पाठ लावून बसेन. त्या वेळी इथे अड्ड्यावर फक्त एकेचाळीस नंबरची खुंटी रिकामी असेल.

मी हिशेब केला. माझे एकतीस महिने उरलेत, तुझे छत्तीस. मी पाच महिने आधी सुटतो. खिडकी बघून खोली निवडायला पाच महिने पुरतात.

तोपर्यंत मापं लिहितो. दोन्ही बाजूच्या भिंती प्रत्येकी सहा हात लांब, साडेतीन हात उंच. मागच्या दाराला कापड नको, तिथे पाय सोडून बसतो. तुझं कापड एका भिंतीला पुरेल, दुसरीचं मी घेतलं आहे.

तुझा,
काळजीबुवा

हिशेब:
डिसेंबरात दुपारच्या पंपाचे वाचले: २१००
खर्च, वाटेत गाडी भरणे, जाऊन-येऊन (अंदाजे): ७२०
खर्च, जाड कापड: ५४०
खर्च, वाटेतला चहा: ६०
दूधवाल्याच्या नासलेल्या दुधाचे ९००, पैकी दिले: ३००
हातात: ४८०
देणे, दूधवाल्याला: ६००
देणे, कंपनीला: एकतीस हप्ते
देणे, तुला: एक खोली, खिडकीसकट